चाळिसाव्या तुकड्यासाठी गोराईला

मुलुंडहून गोराईला जाऊन आले, असं सांगितलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. बोरिवलीची खाडी ओलांडली की गोराई, मुंबईतच मोडतं. आमच्या सोसायटीतले लोक लेकाकडे न्यू जर्सीला जाऊन येतात आणि त्यावर चार वाक्यंही बोलत नाहीत, आणि ही बाई गोराईवर प्रवासवर्णन लिहायला बसली आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या दोन दिवसांत मी जितकी लांब पोचले तितकं त्या सोसायटीतलं अजून कुणी पोचलेलं नाही, आणि तेही एका दमट खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाली. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरी रेडिओ आणि अँटेना लावायची आणि जगभरच्या तशाच वेड्या लोकांशी संपर्क साधायचा, एवढाच हा छंद. मी बोलते ते मोर्समध्ये, नुसत्या छोट्या-लांब पिपाण्यांच्या भाषेत. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, पण हे खूळ त्याच्याही आधीचं. इंटरनेट असताना हे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी विचारते की दुकानात श्रीखंड मिळत असताना तुम्ही घरी चक्का का टांगता.

आम्ही हॅम लोकांनी पृथ्वीचे चाळीस तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकड्यातल्या कुणा ना कुणाशी संपर्क झाला की माणूस कृतार्थ. माझे एकोणचाळीस कधीच झाले होते. राहिला होता नेमका पहिल्या नंबरचा, अलास्का आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा कोपरा. मुंबईहून तिकडे जाणाऱ्या लहरी उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जातात आणि तिथे त्यांची पार वाट लागते. मुलुंडच्या गच्चीवर अँटेना लावून मी वर्षानुवर्षं कान देऊन बसले. ऐकू काय यायचं, तर लिफ्टची घरघर, वरच्या मजल्यावरचे एलईडी दिवे आणि कुणाचा तरी सेट-टॉप बॉक्स. रेडिओला हे सगळं ऐकू येतं आणि लांबून आलेली नाजूक हाक त्याखाली गाडली जाते.

त्यात आमची इमारत पुनर्विकासाला गेली. अँटेना उतरली. नव्या टॉवरच्या गच्चीवर बाग होणार असून तिथे खांब-बिंब चालणार नाहीत, हे बिल्डरच्या माणसाने मला फार गोड हसून सांगितलं. तोवर राहायचं ते भाड्याच्या घरात, आणि तिथल्या गच्चीला कायमचं कुलूप. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाला असणारी मोठी कॉन्टेस्ट ही माझी शेवटची संधी होती. त्या शनिवार-रविवारी जगभरचे हॅम एकाच वेळी रेडिओवर येतात आणि जास्तीत जास्त लोकांशी, जास्तीत जास्त देशांशी संपर्क करायची चढाओढ लागते. एरवी महिनोन् महिने गप्प असणारे अलास्कावाले तेव्हाच बोलतात. यंदा नाही जमलं तर एकोणचाळिसावर माझं दुकान बंद. हा विचार मला जेवताना, चालताना, भाजी निवडताना छळत होता.

गोराई सुचवलं ते सावंतांनी. सावंत माझ्यासारखेच हॅम, बोरिवलीचे, मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि हे स्वतः बोटीवर रेडिओ ऑफिसर. फोनवर म्हणाले, "मॅडम, खाऱ्या पाण्याच्या काठाक अँटेना उभी करा आणि मग गंमत बघा." त्यात तथ्य आहे. खारं पाणी लहरींना आरशासारखं उचलून देतं. त्यांच्या ओळखीच्या फिलोमिनाबाईंचं घर अगदी खाडीला लागून होतं आणि मागची खोली रिकामी होती. शिवाय गावात लिफ्ट नाही, असं ते म्हणाले. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला.

तिसरी माझी नणंद वंदना, पार्ल्याची. तिला रेडिओतलं काही म्हणजे काही कळत नाही. ती आली ती माशांसाठी. "वहिनी, तुझ्याकडे शनिवारी अंडंसुद्धा आत येत नाही," ती म्हणाली. "गोराईला मला कोण अडवणार आहे?"

खाडीपलीकडे

शुक्रवारी सकाळी गाडी सावंतांच्या इमारतीत ठेवली, कारण जेट्टीवरून गाड्या पलीकडे जात नाहीत, माणसं आणि स्कूटर तेवढ्या जातात. पुढे रिक्षा केल्या. एका रिक्षात रेडिओ, मोटारीची मोठी बॅटरी आणि वंदना. दुसऱ्या रिक्षात सावंत आणि मी, आणि आमच्या मांडीवरून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा खांब. सिग्नलला एक स्कूटरवाला त्याला हात टेकून उभा राहिला आणि हिरवा होईपर्यंत सोडायला तयार नव्हता.

लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या, कॉलेजची मुलं आणि पॅगोडा बघायला निघालेली एक गुजराती मंडळी होती. खांब बघून एका कोळणीने विचारलं, "सणाचा झेंडा हाय काय?" सावंतांनी तिला अँटेनाचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग शेजारणीला म्हणाली, "झेंडाच हाय." पाण्याला शेवाळाचा आणि डिझेलचा वास होता. मागे बोरिवलीचे टॉवर आणि पुढे खारफुटीची हिरवी भिंत, मध्ये जेमतेम काही मिनिटांचं पाणी, पण उतरल्यावर हवाच वेगळी लागली. माझ्या डोक्यात सतत घुमणारा हॉर्न कुठेच नव्हता.

फिलोमिनाबाई आमच्याच वयाच्या, ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचेच, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती आणि पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. दारात क्रॉस, व्हरांड्यात झोपाळा, अंगणात बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. खोली दाखवून म्हणाल्या, "काय लागंल ते सांगा. आवाज नाय ना करणार तुम्ही?" मी म्हटलं, आम्ही फक्त ऐकणार आहोत.

आमच्या मुलुंडला कुणी खांब उभा करायला लागलं तर आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो आणि मग हरकती. गोराईला माणसं येऊन सरळ हात लावायला लागली. चिखलात खांब रोवायला दोन म्हातारे धावून आले आणि तारा पसरायला फिलोमिनाबाईंचे भाचे. संध्याकाळपर्यंत अँटेना उभी राहिली आणि तिच्या तारा भरतीच्या पाण्यात भिजत पडल्या. सकाळी उठून बघते तर तिला ताण देणाऱ्या दोरीवर कुणीतरी बोंबील वाळत घातले होते, चांगले ओळीने. काढायला सांगायचा धीर मला झाला नाही. वाऱ्याने हलत नव्हती दोरी, मग राहू दे म्हटलं.

शनिवार

कॉन्टेस्ट सुरू झाली आणि मी हेडफोन चढवला. खर्र, सलग, जाड, कोळशाच्या गोणीसारखी खरखर. मुलुंडपेक्षा वाईट. मोठ्या ताकदीचे जपानी आणि युरोपवाले तिच्या वर डोकं काढत होते, बाकी सगळं तिच्या खाली.

सावंतांचं काही अडत नव्हतं. मोठा आवाज ऐकू आला की ते त्याला गाठायचे आणि आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण, तेच रेडिओवरचं नाव, तीन-तीनदा बडवायचे. बोटीवरची सवय. तिथे निरोप पोचलाच पाहिजे, म्हणून सगळं तीनदा. पण कॉन्टेस्टमध्ये तुम्ही तिसऱ्यांदा बडवत असता तेव्हा समोरचा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो, कारण स्वतः पाठवत असताना ऐकू येत नाही. मी म्हटलं, "सावंत, एकदाच सांगा आणि गप्प बसा ना. त्याला बोलायला जागा द्या."

"एकदा सांगून आमच्या घरात कोण ऐकत नाय मॅडम," ते म्हणाले.

दुपारी आम्ही खरखरीच्या शोधाला निघालो. यासाठी साधा ट्रान्झिस्टर लागतो. तो हातात धरून चालायचं, जिथे खरखर वाढेल तिथे गुन्हेगार. गावात गल्लीगल्लीतून दोन म्हातारे लोक ट्रान्झिस्टर कानाला लावून भिंती हुंगत चालले आहेत, हे दृश्य गोराईला बराच काळ पुरेल. टोकाच्या विहिरीपाशी खरखर अगदी कमी होती. परत घराकडे यावं तशी वाढायची.

"म्हणजे फिलोमिनाबायच्याच घरात काहीतरी आसा," सावंतांनी निदान केलं.

त्या बिचाऱ्या बाईने सगळं केलं. टीव्ही बंद, पंखे बंद, भाच्याचा माशांचा टँक बंद. फ्रिज बंद करायला सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. शेजारच्यांनी इन्व्हर्टर बंद केला आणि का, हेही विचारलं नाही. खरखर तशीच. मेन स्विच एकदा पाडून बघावा असं माझ्या मनात आलं होतं, पण मग टेबलाखाली चालू असलेला आमचा चार्जर बंद पडेल, बॅटरी उतरेल आणि रेडिओच गप्प होईल, म्हणून मीच तो विचार झटकला. तो चार्जर सावंतांनी खास या मोहिमेसाठी नवा घेतला होता, आणि मी त्यावर पाणी उडू नये म्हणून टॉवेल टाकून ठेवला होता.

फ्रिज बंद होता तेवढ्या वेळात आतली सुरमई खराब होईल म्हणून फिलोमिनाबाईंनी ती सगळी संध्याकाळी करून टाकली. बाटलीत साठवायच्या त्यांच्या बॉटल मसाल्यातलं लालभडक कालवण, तळलेल्या तुकड्या आणि फुगे, म्हणजे मैद्याचे हलके गोल वडे, फाडून रश्शात बुडवायचे. माझा शनिवार होता. मी फुगे आणि काकडी खाल्ली. वंदना माझ्या वाटचंही जेवली आणि हात धुताना म्हणाली, "वहिनी, तुझा तो तुकडा मिळो न मिळो, माझे चाळीस झाले."

जेवून झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. मी कागदावर लिहीत होते ते बघून म्हणाली, "हे सगळ्यांना पाच-नऊ-नऊ काय पाठवतेस?"

"समोरचा किती स्पष्ट ऐकू येतो त्याचे मार्क. पैकीच्या पैकी म्हणजे पाच-नऊ-नऊ."

"पण हा तर धड ऐकूच येत नाहीये."

"कॉन्टेस्टमध्ये सगळ्यांना तेच द्यायचं. रीत आहे. वेगळा आकडा दिला तर समोरचा गोंधळतो आणि वेळ जातो."

ती म्हणाली, "म्हणजे लग्नात जेवण कसं झालं विचारल्यावर आपण सांगतो तसं." मी म्हटलं, हो, अगदी तसंच.

तिच्यासमोर मी हसले, पण आतून मी खचले होते. आवाजांची एवढी गर्दी होती आणि त्यात माझा एक आवाज नव्हता. अलास्कावाला कुठेतरी हाका मारत असेल आणि मी त्या खरखरीच्या अलीकडे बसून आहे, हे मला सहन होत नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर रडू आलं. वंदनाने पाहिलं आणि टेबलफॅन माझ्याकडे वळवला.

रविवार

अलास्कासाठी सगळ्यात चांगली वेळ आपल्या पहाटेनंतरची. इथे सूर्य वर येत असतो तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ उतरत असते, आणि दोन्हीकडची कातरवेळ जुळली की लहरींना वाट सापडते. ती वाट फार वेळ उघडी राहत नाही. मी त्या आधीच टेबलाशी बसले होते. हेडफोनमध्ये तीच खरखर. सावंत अंगणात दात घासत होते आणि वंदना मागच्या चुलीवर चहा ठेवत होती.

फिलोमिनाबाई चर्चला जायला डोक्याला ओढणी घेऊन दारात आल्या. "मिसाला चाललो आम्ही सगळी. चहा-बिहा घ्या." मी मान हलवली. त्यांच्या चपला वाजत गेल्या, पुढच्या दाराला कुलूप लागलं, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

त्याच क्षणी खरखर गेली.

मला वाटलं हेडफोनची वायर निघाली. चाचपून पाहिली, जागच्या जागी होती. आवाज वाढवला. त्या स्वच्छ शांततेत बारीक बारीक आवाज होते, एकावर एक, एकामागे एक, लांब लांब पसरलेले. कितीतरी लोक इतका वेळ तिथे होते आणि मला ऐकू येत नव्हते.

"लाइट गेली," तोंडातला फेस सांभाळत सावंत आत आले. "ती बाय घर बंद करताना मेन पाडून जाता. नेहमीची सवय तिची. थांबा, मी बोलावून आणतो, चार्जर बंद पडलो." ते निघालेच होते.

"सावंत, थांबा. आधी हे ऐका." मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

ते ऐकत राहिले. मग हळूहळू त्यांची नजर टेबलाखाली गेली. त्यांनी वाकून टॉवेल उचलला आणि त्या मुकाट पडलेल्या नव्याकोऱ्या चार्जरकडे बघत म्हणाले, "मेल्या, तू होय?"

आख्ख्या गावातलं सगळं आम्ही बंद करून पाहिलं होतं, आमचं सोडून. मुंबईच्या गोंगाटातून पळून आलो आणि गोंगाट बरोबर बांधून आणला. फिलोमिनाबाईंना नंतर हे सांगितलं तेव्हा त्या झोपाळ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी सुरमई उगाच गेली." वंदना म्हणाली, उगाच काही गेली नाही.

पण ते नंतर. त्या वेळी प्रश्न असा होता की चार्जर लावला तर कान जातात आणि नाही लावला तर बॅटरी. रात्रभर चार्जर चालू असूनही ती पुरती भरलेली नव्हतीच. मी रेडिओची ताकद अर्ध्यावर आणली. सावंतांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी अर्ध्या पोळीत पंगत उठवायला निघाले होते. "अर्ध्या पॉवरने अलास्का? मॅडम, डोकं ठिकाणावर आसा ना?"

"आपल्याला ओरडून जिंकायचं नाहीये," मी म्हटलं, आणि अगदी सावकाश सुई फिरवायला लागले. मोठे आवाज सोडून दिले. दोन मोठ्या आवाजांच्या मधल्या फटीत थांबायचं, श्वास धरून ऐकायचं, मगच पुढे. कॉन्टेस्टच्या दुसऱ्या दिवशी मोठ्यांनी एकमेकांना गाठून झालेलं असतं, लहानांकडे कुणी वळत नाही, आणि लहान मात्र हाका मारतच असतात.

अशाच एका फटीत तो होता. ध्रुवावरून येणाऱ्या आवाजाला एक थरथर असते, कुणी पाण्याखालून शीळ घालावी तशी. ती थरथर ऐकली तेव्हाच मला कळलं. मग त्याने आपली कॉलसाइन दिली, के-एल ने सुरू होणारी, म्हणजे अलास्काच.

"मारा मॅडम, सोडू नका," सावंत कुजबुजले.

मी हात मांडीवर ठेवला आणि नुसती ऐकत राहिले. त्याच्यावर जपानी तुटून पडले होते. सगळे अचूक एकाच सुरावर, त्यामुळे त्यांचा नुसता गोळा होत होता. तो निवडत होता तो जरासा वरच्या सुरातला, वेगळा उठून दिसणारा. त्याचा वेग संथ होता, म्हणजे कुणीतरी वयस्क किंवा नवखा, किंवा त्यालाही खरखरीचा त्रास असलेला. एकाला पुरा केला की तो थोडा थांबायचा, आणि त्या थांबण्याच्या शेवटाला, बाकीचे दम घेत असताना, एक रिकामी जागा राहायची. एवढं सगळं समजेपर्यंत मी एक अक्षर पाठवलं नाही. शेजारी सावंतांचा पाय सारखा हलत होता.

मग मी माझा सूर जरा वर नेला, वेग त्याच्याइतका कमी केला आणि त्या रिकाम्या जागेत माझी कॉलसाइन एकदाच पाठवली. त्याने जपानी घेतला. पुन्हा थांबले, पुन्हा एकदाच. पुन्हा जपानी. बॅटरीचा आकडा खाली सरकत होता. वंदना चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली होती, आत यायला घाबरत.

तिसऱ्या वेळी तो थांबला. जरा जास्तच थांबला. आणि मग हळू आवाजात आलं, व्ही, यू, प्रश्नचिन्ह. भारताच्या कॉलसाइनची सुरुवात तशी होते.

दोघा-तिघांनी मध्येच हाक मारली. त्याने पुन्हा तेच पाठवलं, जरा ठासून, आणि अख्खी झुंबड एकदम गप्प झाली. जपानी लोकांचं हे मी कधी विसरणार नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना तो हवा असेल, पण प्रश्न भारताला विचारला आहे म्हटल्यावर कुणी तोंड उघडलं नाही. मी कॉलसाइन दिली. त्याने परत वाचून दाखवली, मधलं एक अक्षर चुकवून. अशा वेळी घाबरून सगळं पहिल्यापासून पाठवावंसं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो, कारण जे त्याला मिळालेलं आहे तेही तो पुन्हा तपासत बसतो. मी नुसतं ते अक्षर पाठवलं. दोनदा. आणि थांबले.

त्याने पूर्ण कॉलसाइन बरोबर पाठवली, मागोमाग पाच-नऊ-नऊ आणि त्याच्या तुकड्याचा नंबर, एक. मी पाच-नऊ-नऊ आणि आपला बावीस पाठवला. त्याने आभार मानले आणि पुढच्या जपानी माणसाकडे वळला.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "झालं," मी म्हटलं.

"झालं म्हणजे?" वंदना म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

सावंत उठले, खिडकीपाशी गेले आणि खाडीतल्या होड्यांकडे बघून बोटीवरच्या जुन्या आवाजात ओरडले, "अलास्का, रे." एका होडीतून कुणीतरी हात हलवला. मग ते माझ्याकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, मानला. एकदाच सांगून ऐकणारो माणूस मी आज पयल्यांदा बघितलो." वंदनाने मला मिठी मारली आणि चहा माझ्या साडीवर सांडला. मी खुर्चीवर बसून हसत होते. मुलुंडची गच्ची, तो गोड हसणारा माणूस, सगळं मला एकदम लहान दिसायला लागलं. जिंकले होते मी, आणि ते मोठ्याने म्हणालेही.

चहा घेतल्यावर सावंत म्हणाले, "आता बंद करा. बॅटरी मरायला आली. तुमचं काम झालं." बरोबर होतं त्यांचं. पण ती स्वच्छ शांतता सोडवत नव्हती. एक रिकामी जागा बघून मी या वेळी स्वतः हाक दिली, कुणी आहे का म्हणून. पाच-सात मोठे आवाज आले, त्यांना पटापट घेतलं. मग कुणी येईना. मी रेडिओच्या बटणाकडे हात नेला, आणि त्या शांततेच्या अगदी तळाला काहीतरी टिकटिकलं.

अलास्कावाल्यापेक्षाही क्षीण. एक अक्षर कळलं, बाकी गेलं. मी ते अक्षर आणि प्रश्नचिन्ह पाठवलं. दुसराच एक दणदणीत आवाज मध्ये घुसला. मी त्याला घेतलं नाही, तेच अक्षर पुन्हा पाठवलं. दणदणीत गप्प झाला. क्षीण आवाज पुन्हा आला, या वेळी दोन अक्षरं. सावंत माझ्या मागे येऊन उभे राहिले. बॅटरीचा आकडा इतका खाली गेला होता की मी पाठवायला लागले की रेडिओचा दिवा मंद व्हायचा.

"सोडा मॅडम, एका माणसासाठी..." ते म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावर टाकून स्वतःच दुसरा हेडफोन कानाला लावला. "आर," ते म्हणाले. "मधलं अक्षर आर आसा."

मी आर पाठवला. बरोबर होता. मग शेवटचं अक्षर, तेही त्याने दोनदा दिलं, घाई न करता, थांबून. कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरचा माणूस होता. त्याची पूर्ण कॉलसाइन मी परत पाठवली, आकडे दिले, त्याचे घेतले. झालं. कॉन्टेस्टमध्ये इथे थांबायचं असतं, एक अक्षर जास्त बोललं तर लोक नाक मुरडतात. पण तो थांबला नाही. त्याच त्या अडखळत्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या मोर्समध्ये त्याने पाठवलं की त्याचा भारताशी हा पहिलाच संपर्क, फार वर्षं वाट पाहिली, भारताच्या तुकड्यावरच त्याचं अडलं होतं, आता चाळीस पुरे झाले.

मी अभिनंदन पाठवलं. त्यातलं शेवटचं अक्षर गेलं आणि रेडिओ बंद पडला.

माझा तुकडा मिळाला तेव्हा मी हसले होते. आता मात्र रडायला लागले, हेडफोन कानावर तसाच ठेवून, आणि सावंतांनीही डोळे पुसले ते मला दिसलं. वंदनाला काय झालं ते कळेना. मी तिला सांगितलं की त्या बेटावर आता रात्र आहे, आणि तिथल्या एका घरात आत्ता कुणीतरी खुर्चीवरून उठून घरच्यांना हाक मारत असेल. त्याला हवं होतं ते आज त्याला मिळालं, आणि ते माझ्या हातून पोचलं.